निखाऱ्याला धूर नसतो

आडात उतरायच्या आधी जुनी माणसं पेटता कंदील दोरीला बांधून तळापर्यंत सोडायची. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही, मग बादली पडलेली असो नाहीतर बकरू. ज्वारीचं पेव उघडलं की त्याचं तोंड बराच वेळ उघडं टाकायचं, लगेच आत पाय घालायचा नाही, हाही दंडक होता. हवेत न दिसणारं काहीतरी असतं आणि ते माणूस मारतं, एवढी अक्कल त्यांना पुस्तकाशिवाय आलेली होती.

घरात मात्र आपण असा कंदील कधी ठेवला नाही. ठेवला असता तरी उपयोग नव्हता. कंदील सांगतो ते फक्त प्राणवायू कमी झाल्याचं. सिलिंडरचा गॅस कोंडलेल्या खोलीत कंदील नेला तर तोच स्फोटाचं कारण होईल. आणि कोंडलेल्या कोळशाच्या खोलीत माणूस बेशुद्ध पडला तरी कंदील मजेत जळत राहील. म्हणजे घरासाठी कंदील वेगळा लागतो, आणि एक नव्हे, दोन. त्यांना बाजारात अलार्म म्हणतात.

बीडला, अंबाजोगाईला किंवा परळीला इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘गॅसचा अलार्म’ मागितला की बहुतेक वेळा एक पांढरी डबी समोर येते. ती कशासाठी आहे हे दुकानदाराला विचारलं तर उत्तर येतं, ‘सगळ्या गॅसला चालतं, साहेब.’ इथूनच घोळ सुरू होतो. सगळ्या गॅसला चालणारं यंत्र घरगुती बाजारात मिळत नाही. घरात धोका असतो तो मुख्यतः दोन वायूंचा, आणि त्यांचे स्वभाव अगदी उलटे आहेत.

पहिला सिलिंडरमधला गॅस, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून कंपनी त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळते. तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, त्यामुळे खाली बसतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ टक्के झालं की ठिणगीची वाट पाहत थांबतो. दुसरा कार्बन मोनॉक्साइड. तो सिलिंडरमध्ये नसतो, जळण अर्धवट जळालं की तयार होतो. लाकूड, कोळसा, गोवऱ्या, डिझेल, पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, कशातूनही. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. वजनाला तो हवेच्या जवळपास, किंचित हलका. म्हणून खोलीभर मिसळून जातो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. माणूस श्वास घेत असतो आणि तरी गुदमरत असतो.

पहिल्याचा अलार्म दुसऱ्याला ओळखत नाही, दुसऱ्याचा पहिल्याला नाही. खोक्यावर नीट वाचा. सिलिंडरच्या गॅसच्या अलार्मवर ‘एलपीजी’ लिहिलेलं हवं. ईएन ५०१९४ किंवा यूएल १४८४ यांपैकी एका मानकाचा क्रमांक असेल तर उत्तम. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर ‘सीओ’ ही दोन अक्षरं आणि ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ हा क्रमांक पाहा. आणि धुराचा अलार्म ही तिसरीच चीज आहे. या तिघांची सरमिसळ करून विकणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

आधी स्वयंपाकघर.

नाकावर आपला भरवसा फार. पण वासाची सवय नाकाला काही मिनिटांत होते आणि मग तोच वास येईनासा होतो. सर्दी झालेल्याला येत नाही, म्हाताऱ्या माणसाला कमी येतो, आणि गाढ झोपलेल्याला तर वासाने जाग येईल याची खात्रीच नाही. एक हिशेब करून पाहा. ८ फूट बाय १० फुटांचं, १० फूट उंचीचं स्वयंपाकघर म्हणजे सुमारे साडेबावीस घनमीटर हवा. तिथे साधारण एक किलो गॅस सुटून सगळीकडे मिसळला की २ टक्क्यांची पातळी गाठली जाते. पण तो सगळीकडे मिसळत नाही, खालीच राहतो. म्हणून फरशीलगत ही वेळ त्याच्या कितीतरी आधी येते. भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. चांगला अलार्म धोक्याच्या पातळीच्या पाव भागाच्या आतच ओरडतो, आणि तोच वेळ आपल्याला हवा असतो.

बसवण्याची जागा ही सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. गॅस जड, म्हणून अलार्म खाली: जमिनीपासून वीतभर, फार तर फूटभर उंचीवर. सिलिंडर आणि शेगडीपासून तीन ते दहा फूट अंतरावर, पण त्याच खोलीत. आता आपल्या घरातलं वायरिंग आठवा. फरशीपासून फूटभर उंचीवर प्लग कुणाच्या स्वयंपाकघरात असतो? बोर्ड असतो ओट्याच्या वर, मिक्सरसाठी. मग लोक अलार्म तिथेच खोचतात, चहाच्या डब्याशेजारी. गॅस ओट्याखाली साचून दाराकडे सरकत असतो आणि वरची डबी हिरवा दिवा लावून बसलेली असते. थेट प्लगमध्ये खोचायचा प्रकार घेऊच नका. भिंतीवर स्क्रूने बसणारा आणि वायर असलेला घ्या, वायरमनकडून पट्टी मारून खाली उतरवून घ्या. शंभर-दोनशे रुपये मजुरी जाईल, जाऊ द्या.

ओट्याखालच्या बंद कपाटात, पडद्यामागे, दाराच्या पाठीमागे, खिडकीच्या झोतात किंवा मोरीच्या तोंडाशी तो नको. फरशी धुताना पाणी उडेल तिथेही नको. रांगतं मूल घरात असेल तर फूटभर उंचीवर त्याचा हात पोचणारच. त्याला जाळीचं साधं आवरण करा, पण वरच्या भोकांवर कापड किंवा प्लास्टिक घालू नका. फ्रीजच्या मागे सुरक्षित राहील म्हणून तिथे लपवला तर खोलीतली हवाच त्याच्यापर्यंत येणार नाही.

घरकुलाच्या घरात, जिथे २५ चौरस मीटरमध्ये झोपायचं, राहायचं आणि रांधायचं, तिथे जागा शोधायचा प्रश्नच नसतो. सिलिंडरच्या समोरची भिंत, आणि झोपायच्या जागेपर्यंत आवाज पोचेल अशी, एवढंच बघायचं.

तुमचं पोरगं पुण्यात किंवा मुंबईत राहत असेल आणि त्याच्या फ्लॅटमध्ये पाइपचा गॅस असेल तर हे सगळं उलटं होतं. तो मिथेन, हवेपेक्षा हलका, वर जाणारा. तिथे अलार्म छताखाली फूटभर. इथून नेलेली डबी त्याने इथल्यासारखीच खाली लावली तर ती शोभेची वस्तू.

आता लोडशेडिंग. एलपीजीच्या बहुतेक घरगुती अलार्मचा संवेदक तापवून ठेवावा लागतो, त्यामुळे त्याला सतत वीज लागते. छोट्या बॅटरीवर तो फार काळ तग धरत नाही. वीज गेली की तो मुका. आपल्याकडे वीज जाते ती नेमकी रात्री, माणसं झोपलेली असताना. म्हणून घेताना ‘बॅटरी बॅकअप किती तास?’ हा पहिला प्रश्न विचारा. घरी इन्व्हर्टर असेल तर स्वयंपाकघराचा तो पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते पाहा. बहुतेक घरांत इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे असतात, स्वयंपाकघरातले प्लग नसतात. आणि वीज परत आल्यावर पहिली काही मिनिटं संवेदक तापायला लागतात, तेवढ्यात एखाद-दुसरी चुकीची शिट्टी होऊ शकते, हेही घरात सांगून ठेवा.

चुकीच्या शिट्ट्या होतातच. स्वस्त संवेदकाला गॅस आणि दारूची वाफ यांतला फरक फारसा कळत नाही. हात धुवायचं स्पिरिट, रंगाचा थिनर, अत्तर, आंबवलेल्या पिठाचा वास, यांनी तो वाजू शकतो. डास-झुरळं मारायचा स्प्रे मारला तर हमखास. कारण त्या डब्यातला दाब अनेकदा ब्युटेन-प्रोपेनचाच असतो, म्हणजे अलार्म खरंच बोलत असतो. दोन वेळा उगीच वाजला की आपण काय करतो? पिन काढून ठेवतो. माझं मत विचाराल तर अलार्म न घेण्यापेक्षा हे वाईट, कारण भिंतीवर तो दिसत राहतो आणि घर निर्धास्त होतं. वाजतो तेव्हा जागा चार फूट सरकवून पाहा, पण पिन काढू नका.

आणि खरोखर वाजला तर? हात बटणाकडे जातो, तो आवरा. दिवा लावायचा नाही, लागलेला असेल तर बंदही करायचा नाही. दोन्ही वेळा बटणात ठिणगी पडते. एक्झॉस्ट फॅन लावून गॅस बाहेर काढायची कल्पना बहुतेकांना सुचते, आणि तीच जीव घेते. देवापुढचा दिवा, उदबत्ती, चूल पेटती असेल तर तिथे गॅस पोचायच्या आत विझवायला मिळाली तर ठीक, नाहीतर सरळ बाहेर पडा. रेग्युलेटरचं बटण बंद करणं हाताशी असेल तर तेवढं करा आणि सिलिंडरच्या तोंडाला दोरीने बांधलेलं झाकण असतं ते बसवा. दारं-खिडक्या सताड उघडा. गॅस खाली असतो म्हणून खिडकीपेक्षा दार महत्त्वाचं. घराखाली पाण्याचा हौद असेल तर त्याच्या झाकणाजवळ कुणाला उभं राहू देऊ नका. खोलगट जागेत हा गॅस तासन्‌तास बसून राहतो. मोबाइल घराबाहेर, रस्त्यावर आल्यावर काढा. एलपीजी गळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. आग लागली असेल तर १०१ किंवा ११२.

अलार्म हा शेवटचा पहारेकरी. त्याच्या आधीचे दोन-तीन स्वस्तातले आहेत ते विसरू नका. नळी आयएसआय शिक्क्याची, तारेची जाळी आत असलेली घ्यायची आणि पाच वर्षांनी बदलायची, चिरलेली नसली तरी. सिलिंडर आणणाऱ्यासमोरच सांध्याला साबणाचा फेस लावून बघायचं. काडी पेटवून बघणारा अजूनही एखादा भेटतो, त्याला घरात घेऊ नका. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ‘ए’ ते ‘डी’ यांपैकी एक इंग्रजी अक्षर आणि सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत असते. ती उलटून गेलेली टाकी परत करायचा तुमचा हक्क आहे. दारोदार फिरून ‘गॅस वाचवणारी’ किंवा ‘स्फोट रोखणारी’ जोडणी नळीच्या मधे बसवून देणाऱ्यांना वितरकाला विचारल्याशिवाय हात लावू देऊ नका.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना अर्धंमुर्धं ठाऊक असतं. पुढचं मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

बाळंतिणीच्या खोलीपासूनच सुरू करू. आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी असते. बाजेखाली कोळशाची शेगडी, तिच्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा यांची धुरी, आणि वारं लागू नये म्हणून दार-खिडकी गच्च बंद, फटीत फडकं. आज्या-पणज्यांनी हे केलं ते मातीच्या घरात. माळवदाला झरोका होता, कौलांत फटी होत्या, दाराला खालून हात जाईल एवढी मोकळीक होती. घर आपलं आपण श्वास घेत होतं. आता खोली स्लॅबची, प्लास्टर केलेली, खिडकीला सरकत्या काचा. शेगडी तीच, आज्जीही तीच, घर मात्र बदललं. त्यात गंमत अशी की धूर त्रासदायक म्हणून शेगडी बाहेर पेटवतात, कोळसे लालभडक झाले, धूर थांबला की आत आणतात. धूर गेला म्हणजे धोका गेला, असा आपला समज. पण कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त सुटतो तो याच धूर नसलेल्या, धगधगत्या निखाऱ्यांतून. ज्या खोलीत जन्मून आठ दिवस झालेलं मूल आहे, रक्त कमी झालेली आई आहे, तीच खोली आपण अशी बंद करतो. रक्त कमी असलेल्याला हा वायू लवकर बाधतो.

याबाबतीत मधला मार्ग मला दिसत नाही. झोपायच्या खोलीत निखारे न्यायचे नाहीत. आज्जीशी वाद घालायची गरज नाही. शेक द्यायचाच असेल तर तो गरम पाण्याच्या पिशवीने द्या, धुरी ओसरीवर किंवा अंगणात द्या, आणि ऊब हवी तर बाळाला आईच्या छातीशी कपड्याच्या आत धरा. ती ऊब कुठल्याही शेगडीपेक्षा बरी, हे दवाखान्यातले बाळांचे डॉक्टरही सांगतात.

हाच निखारा बीड जिल्ह्यात इतर रूपांतही घरात येतो. थंडीत रात्री घमेल्यात कोळसे घेऊन खोलीत ठेवणारी घरं आहेत. रेशीम शेती आपल्याकडे वाढली आहे, आणि अळ्यांना २४ ते २८ अंशांची ऊब लागते; हिवाळ्यात शेडला चहूबाजूंनी पडदे लावून आत कोळसा पेटवला जातो आणि राखणीला कुणीतरी तिथेच आडवं होतं. अळ्या जगवण्यासाठी माणसाने तिथे झोपू नये. ऊब द्यायची तर जळणाचा धूर आणि हवा पाइपने बाहेर काढणारी भट्टी, नाहीतर विजेचा हीटर. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या कोप्या पाचटाच्या असतील तोवर हवा खेळती असते. पण थंडीसाठी वरून ताडपत्री किंवा प्लास्टिक अंथरलं की तीही बंद खोलीच होते. चूल बाहेर, आणि घमेलंही बाहेरच. दुकानाच्या मागच्या खोलीत जनरेटर लावून शटर अर्धं ओढणारे, किंवा डिझेल इंजिन विहिरीत उतरवून पाणी उपसणारे, यांच्यासाठीही हाच इशारा.

मग गॅस गिझर. तो आपल्याकडे का खपतो हे उघड आहे. वीज नसली तरी चालतो, दोन सेलवर ठिणगी पाडतो, आणि पाणी लगेच गरम. पण हिशेब बघा. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला १२ घनमीटर हवा लागते. ४ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंचीच्या न्हाणीघरात सगळी मिळून साडेपाच घनमीटरही नसते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो. घरातल्या दोघांनी पाठोपाठ वीस मिनिटं अंघोळ केली तर तीन-चार घनमीटर हवेतला प्राणवायू गेला. प्राणवायू कमी झाला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड सुरू. आत कडी लावलेली, वाफेने वाटतं की गरमीने घेरी आली. मार्च २०२३ मध्ये धुळवडीनंतर मुंबईत घाटकोपरला एक जोडपं आपल्या न्हाणीघरात मृतावस्थेत सापडलं, तेव्हा संशय गॅस गिझरकडेच गेला होता. जानेवारी २०२० मध्ये नेपाळच्या दामन इथे केरळातले आठ पर्यटक, त्यात चार मुलं, एका हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपले ते उठले नाहीत. गच्च बंद खोली आणि जळती ज्योत, गाव कुठलंही असो.

गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या भिंतीवर बसवायचा आणि गरम पाणी तेवढं पाइपने आत आणायचं. हा एकमेव बरा मार्ग. ‘एक्झॉस्ट फॅन आहे ना’ हे उत्तर चालत नाही. वीज गेली की फॅन बंद आणि गिझर सुरू. घेताना आयएस १५५५८ हा भारतीय मानकाचा क्रमांक पाहा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुणी घ्यावा? ज्याच्या घरात बंब, कोळशाची शेगडी, आत चूल किंवा गॅस गिझर आहे, त्याने. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात स्वयंपाकाची शेगडी सोडून जळणावर चालणारं कुठलंही पक्कं उपकरण असेल, तर त्या खोलीत तो लावणं घरमालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे घरासाठी तशी सक्ती नाही. बीडच्या दुकानांत तो सहज मिळेलच असं नाही, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याहून, नाहीतर ऑनलाइन मागवावा लागतो. एक चांगली गोष्ट अशी की हा बॅटरीवर चालतो. त्याचा संवेदक रासायनिक असतो, त्याला तापवावं लागत नाही, म्हणून लोडशेडिंगचा त्याला काही फरक पडत नाही.

तो एकच घेणार असाल तर झोपायच्या खोलीत लावा, उशीच्या उंचीच्या आसपास, म्हणजे जिथली हवा तुम्ही श्वासात घेता तिथे. दुसरा परवडला तर जळणाच्या उपकरणाच्या खोलीत, त्याच्यापासून तीन ते दहा फूट दूर, छताखाली वीतभर अंतर सोडून. न्हाणीघरात तो लावू नका. वाफेने त्याचा संवेदक खराब होतो, आणि ‘अलार्म लावलाय’ म्हणून गिझर आत ठेवायला निमित्त मिळतं. चुलीच्या डोक्यावर लावला तर रोज सकाळी भाकरीबरोबर तोही वाजेल.

हा अलार्म प्रमाण आणि वेळ दोन्ही मोजतो, हे माहीत नसल्याने लोक त्याला नादुरुस्त समजतात. युरोपीय मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग हा वायू असेल तर तो तास-दीड तासाने वाजतो, १०० भाग असतील तर १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० भाग झाले तर तीन मिनिटांच्या आत. म्हणून अगरबत्तीचा धूर दाखवून त्याची परीक्षा घेऊ नका. तो धूर शोधतच नाही. चाचणीसाठी बटण दिलेलं असतं. तेही आवाज आणि सर्किट तपासतं, संवेदक किती ताजा आहे हे सांगत नाही. एलपीजीच्या अलार्मवर सिगारेट लायटरचा गॅस सोडून बघणारेही असतात. तेवढ्या तीव्र झोताने संवेदक बिघडू शकतो.

वाजला तर सगळे बाहेर. जाता जाता दार उघडं टाका, जळतं उपकरण वाटेत असेल तर बंद करा, पण त्यासाठी थांबू नका. बाहेर डोकी मोजा, पाळण्यातलं धरून. आत राहिलेल्याला काढायला एकाने श्वास रोखून धावत जायचं धाडस करू नये. आधी दारं-खिडक्या उघडा, फोडाव्या लागल्या तर फोडा.

अलार्म नसलेल्या घरात शरीर काही खुणा देतं. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, पायात बळ राहत नाही, ताप मात्र नसतो. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असं होतं आणि अंगणात आलं की बरं वाटतं. आपण त्याला पित्त म्हणतो, बाळंतीण असेल तर वात म्हणतो, आणि काही घरांत बाहेरची बाधा म्हणून भलतीकडेच नेतात. कांदा हुंगवू नका, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. मोकळ्या हवेत कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि तुम्हाला छाती दाबता येत असेल तर दाबायला लागा.

दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला: ‘खोली बंद होती आणि आत निखारे होते’ किंवा ‘गॅस गिझर चालू होता.’ कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसतो. हिमोग्लोबिनला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड त्याला प्राणवायूसारखाच दिसतो, आणि पडद्यावर ९८-९९ असा छान आकडा येतो. ‘ऑक्सिजन तर चांगला आहे’ म्हणून पेशंट घरी पाठवला जाऊ शकतो. तुम्ही कारण सांगितलं तर डॉक्टर मास्कने पूर्ण प्राणवायू सुरू करतील. साध्या हवेत या वायूचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर सुमारे दीड तास. गरोदर बाई असेल तर ती बरी दिसली तरी दाखल करा. पोटातल्या बाळाचं रक्त हा वायू आईपेक्षा जास्त धरून ठेवतं. जिल्हा रुग्णालय बीड किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल तिथे.

देखभालीला फार काही लागत नाही. महिन्याला वीजबिल येतं, त्या दिवशी दोन्ही अलार्मचं बटण दाबा. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, ओलं फडकं किंवा कॉलिन नको. अर्ध्या-एक मिनिटाने एकच ‘टिक’ असा आवाज येत राहिला तर तो गॅसचा नाही, बॅटरी संपल्याचा किंवा यंत्राचं आयुष्य सरल्याचा आहे. अलार्म म्हातारा होतो हे पुष्कळांना माहीत नसतं. एलपीजीचा साधारण पाच वर्षांत, कार्बन मोनॉक्साइडचा पाच ते दहा वर्षांत निकामी होतो, हिरवा दिवा लागत असला तरी. मागच्या बाजूला बदलायची तारीख छापलेली असते. बसवताना ती मार्करने पुढे लिहा. खंडेनवमीला विळे-कोयत्यांना हळद-कुंकू लावतो तेव्हा यालाही एक बोट लावा आणि ती तारीख वाचा.

दसरा-दिवाळीनंतर जी घरं कुलूप लावून सहा महिने ऊसतोडीला जातात, त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. निघताना रेग्युलेटर काढून ठेवा, सिलिंडरला झाकण बसवा. मागे आजी-आजोबा आणि पोरं राहणार असतील तर अलार्म वाजवून त्यांना तो आवाज ऐकवा, आणि आवाज आला की काय करायचं ते पोरांकडून करवून घ्या; मोठ्यांपेक्षा ती पक्कं लक्षात ठेवतात. उन्हाळ्याच्या तोंडाला परत याल तेव्हा कुलूप काढल्यावर आधी दार उघडं टाकून अंगणात पाणी प्या, मग आत जा, आणि दिव्याच्या बटणाला सगळ्यात शेवटी हात लावा.

राहता राहिला तो १९०६ क्रमांक. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहू नका. दाराच्या बाहेरच्या बाजूला, खडूने नको, रंगाने लिहा, कारण तो फोन करायची वेळ येते तेव्हा तुम्ही घराबाहेर उभे असता.